हिरवी तार

डॉक्टर इंगवल्यांची बोट देवबागच्या धक्क्याला असते.
नाव 'फुरसत'.
आत छोटा फ्रीज, दोन पंखे, एक केटल,
आणि डॉक्टरांनी स्वतः ठोकलेला एक दिवा, तिरका.
कोल्हापुरात ते लोकांचे दात सरळ करतात.

किनाऱ्यावरची वीज बोटीत आणायला मला बोलावलं.
सोळा वर्षं घरांचं वायरिंग केलं मी.
घर कुठे जात नाही.
बोट दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते,
म्हणून केबलला आधी पाणी शिकवावं लागतं:
उधाणाच्या सुकतीला ताणायचं नाही,
उधाणाच्या भरतीला खाडीत लोळायचं नाही.
प्लगच्या अलीकडे एक झोळ ठेवला,
पावसाचा थेंब पिनांपर्यंत न जाता तिथूनच गळावा.
वायर कलईची घेतली. साधं तांबं इथल्या हवेत
दोन वर्षांत काळं पडतं, मग हिरवं,
मग चहाच्या भुकटीसारखं बोटांत सुटतं.

इनास धक्क्यावरून ओरडला,
"टोक पयला खयचा?"
बोटीचा. मगे धक्क्यावरचा. मगे बटण.
"आणि सोडताना?"
उलट्यान ये.
हातात कधी जिवंत टोक उरता नये, इतकंच.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, ती हिरवी कापून टाका.
मालवणात एका बोटवाल्यानं सांगितलंय,
हिरवी जोडली की जस्त लवकर झिजतं.

बोटवाला खोटं बोलला नव्हता.
बोटीच्या पोटाला जस्ताचा ठोकळा असतो,
पंख्याचं पितळ वाचावं म्हणून तो झिजतो.
हिरवी जोडली की धक्क्यावरच्या साऱ्या बोटींशी सोयरीक होते,
मग आपलं जस्त शेजाऱ्यांच्या पितळासाठीही खपतं.
त्याला उपाय आहे, मुठीएवढी डबी,
हिरवीच्या वाटेत बसते.
किरकोळ उसनवारी थांबवते,
आणि खरी वेळ आली तर दार उघडं ठेवते.
पैसे लागतात. कात्री स्वस्त.

मी कात्री इनासकडे दिली आणि डॉक्टरांना चहा मागितला.

टिपूचं त्यांना सांगितलं नाही.
जनू कुबलांचा कुत्रा, होडीमागून रोज पोहत यायचा.
श्रावण होता, पर्यटन बंद, बोटी बांधलेल्या,
एकीला पाणी उपसायचा पंप चालावा म्हणून वीज जोडलेली.
तिची हिरवी कापलेली होती. हे आम्हाला नंतर कळलं.
टिपू त्या बोटीपासून दहा हातांवर आला
आणि त्याचे पाय थांबले.
ठिणगी नाही, आवाज नाही,
फक्त पाय थांबले.
जनू उडी मारणार होते. सदऱ्यात डोकं अडकलं.
वरचं बटण तुटायला जेवढा वेळ लागला
तेवढ्यात कुत्रा खाली गेला होता.
"म्हातारो झाल्लो," म्हणाले ते,
आणि आम्हीही तेच म्हटलं.

खारं पाणी विजेला स्वतःतून नेतं,
माणसाच्या अंगाला फारसं विचारत नाही.
पण श्रावणात कर्ली वरून उतरते,
खाडीची चव बदलते,
बायका म्हणतात, पाणी गोडा झाला.
गोडं पाणी आळशी.
त्याला अंगाची वाट सोपी वाटते.

संध्याकाळी हिरवी घट्ट आवळली,
दोनदा ओढून पाहिली, मग तिसऱ्यांदा.
फेज आणि न्यूट्रल उलटे नाहीत ना, तेही पाहिलं.
पेटीतलं टेस्टचं बटण दाबलं.
टक.
सगळं बंद पडलं, केटलसकट,
मी खूश, डॉक्टर नाराज.

हे महिन्यातून एकदा दाबायचं, म्हटलं.
"आणि नाही दाबलं तर?"

काही नाही, डॉक्टर.
एकदा, दोनदा, चार वर्षं, काहीच होणार नाही.
तेच तर.

बिलात एक मीटर वायर जास्त दिसली त्यांना.
ती झोळाची.
वरच्या अंगाला पोरं धक्क्यावरून उड्या मारत होती,
एकानं तोंडातलं पाणी फवारलं
आणि दुसऱ्याला विचारलं,
खारा की गोडा?